दारात आधी जिजाजी

खेळात बंद घर समोर आलं की आत शिरायचा मान माझा असायचा. शालक बाहेर भिंतीला टेकून उभा, मेव्हणी खिडकीखाली वाकलेली, आणि दोघं एकदम म्हणायची, "पुढे व्हा जिजाजी." मी पुढे व्हायचो, दार उघडायचो, आणि आत दबा धरून बसलेला कोणीतरी मला गोळ्या घालायचा. लग्नघरात पाहुण्याला आधी आत घेतात ते ठीक आहे. लढाईत आधी आत जाणारा आधी मरतो, हे शिंदखेड्याच्या माझ्या सासुरवाडीला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगत नव्हतो. कारण ते सांगायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की मला हा खेळ अजिबात येत नाही.

खेळ म्हणजे पोरं फोनवर खेळतात तोच. विमानातून एका बेटावर उडी मारायची, घराघरांत शिरून बंदुका, औषधं, हेल्मेट गोळा करायची. चौघांची एक टोळी, आणि शेवटी जी टोळी जिवंत उरेल ती जिंकली. आपला माणूस जखमी होऊन पडला तर जवळ बसून त्याला उठवता येतं. कानात इअरफोन असतात, माइक चालू असतो, त्यामुळे टोळीतले सगळे एकमेकांशी बोलत असतात. आमच्या टोळीत शालक, मेव्हणी आणि मी. चौथा माणूस खेळच कुठून तरी जोडून द्यायचा, रोज वेगळा.

हे सगळं सुरू झालं आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला. लग्नानंतरची पहिली आखाजी, बायको माहेरी गेलेली, आणि तिला आणायला मी जळगावहून धुळ्याला आणि तिथे बस बदलून शिंदखेड्याला पोचलो. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. जावयाने त्या घरात नेमकं काय करायचं, हे मात्र कुणीच ठरवून ठेवलेलं नाही. मी गेल्या गेल्या घरातला एकुलता एक कूलर माझ्याकडे वळवण्यात आला आणि बाकीचे सगळे घामाने निथळत माझ्याकडे बघत बसले. पाण्याच्या तांब्याकडे मी हात नेला की दोन माणसं धावायची. माझा स्वभाव मुळात चुळबुळ्या. दालमिलमध्ये मी दिवसभर पायांवर असतो, तुरीचा दाणा दाताखाली फोडून बघतो, हमालांशी हुज्जत घालतो, वरून बोलणीही खातो. असं बसवून कौतुक केलं की मला खुर्चीला बांधून घातल्यासारखं होतं. जावई म्हणजे दशमग्रह, असं लोक म्हणतात. त्या दुपारी मला त्या ग्रहाचीच दया आली.

जेवणं झाल्यावर घर आडवं झालं. शालक आणि मेव्हणी मात्र कोपऱ्यात फोन घेऊन बसले. शालकाचं गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि मेव्हणी धुळ्याला होस्टेलवर राहून फार्मसी शिकते. दोघांचं कुजबुजत भांडण चाललेलं. "ए येडी, तिकडे कोठे चालनी तू!" "तूच येडा शे!" मला त्यांचा हेवा वाटला, सरळच सांगतो. सकाळपासून त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं खरं बोलणं होतं. मी टक लावून बघतोय हे शालकाच्या लक्षात आलं. त्याने भीतभीत विचारलं, "जिजाजी, तुम्ही खेयतस का?"

"खेळतो थोडंफार," मी म्हणालो.

कसलं थोडंफार! मिलमधल्या ऑपरेटरच्या खांद्यावरून मी तो खेळ कधीतरी बघितला होता, तेवढीच ओळख. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. वाटलं, एकदा त्यांच्यात बसायला मिळालं की मग शिकता येईल. कूलरसमोरून उठायला काहीही चाललं असतं.

उठलो खरा, पण पाहुणचार माझ्यामागे खेळातही आला. पहिली चांगली बंदूक सापडली की शालक ती माझ्या पायाशी ठेवायचा. "घ्या जिजाजी." सगळ्यात भक्कम हेल्मेट माझ्या डोक्यावर. लांबून नेम धरायची दुर्बीण लावलेली रायफलसुद्धा मलाच. ती दुर्बीण डोळ्याला कशी लावायची हेही मला माहीत नव्हतं, त्यामुळे लाख मोलाची बंदूक घेऊन मी आभाळाला गोळ्या घालत होतो. पडलो की दोघं सगळं सोडून मला उठवायला धावायची आणि तिघं एकाच जागी मरायचो. मेल्यावर मेव्हणी म्हणायची, "भारी खेळलात जिजाजी, त्यांचंच नशीब चांगलं होतं." बायको मध्येच पाणी द्यायला आली, फोनकडे बघून थबकली, आणि तांब्या ठेवून आत गेली.

जळगावला परत आल्यावर मिलमधून सुटलो, हातपाय धुतले की मी फोन घेऊन गच्चीच्या जिन्यात बसायचो. नाचता येईना अंगण वाकडं, तसं रोज नेटला नावं ठेवायचो. "इथे रेंज नाही, नाहीतर तो गेलाच होता." पलीकडून दोघं घाईघाईने हो म्हणायची. ती हो म्हणायची आणि माझं डोकं उठायचं. कोणी एकदा तरी म्हणावं ना, की अहो, रेंजचा काय संबंध, तुम्ही झाडाला गोळी घातली!

एकदा मी टोळीत शिरलो आणि त्यांना ते कळलं नसावं. दोघं बोलत होती. मेव्हणी वैतागली होती. शालक तिला समजावत होता, "पाव्हना शे ना तो. काय सांगशी त्याले?"

त्यात वावगं काहीच नव्हतं. आवाजात रागही नव्हता, उलट माया होती. पण मी तसाच बाहेर पडलो आणि जिन्यात वरखाली करत राहिलो. आयुष्यभर त्या घरात मी पाव्हनाच राहणार, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. पाहुण्याला सगळं मिळतं, फक्त कोणी त्याला त्याची चूक सांगत नाही. मला घरातला एक व्हायचं होतं. मला सख्खा भाऊ नाही, बहीण नाही, आणि लग्न ठरलं तेव्हा दोन भावंडं आयती मिळणार म्हणून मी मनातून किती खूश होतो, ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात चौथा म्हणून इंदूरकडचा एकजण आला. आवाजावरून चाळिशी ओलांडलेला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "भैया, मैं बिलकुल नया हूँ, कुछ आता नहीं, बताते रहना." झालं! मेव्हणीचा आवाजच बदलला. "टेन्शन मत लो काका, मेरे पीछे पीछे आओ." मग सगळा वेळ ती त्याला शिकवत होती. वाका काका, आता पळा, गोळ्या भरून घ्या आधी. एकदा तर ओरडली, "काका, वो पेड़ है, आदमी नहीं!" आणि तिघंही पोट धरून हसले. काकासुद्धा. मी एकटाच भारी हेल्मेट घालून एका खोलीत उभा होतो. ज्या चुकीला माझ्या वेळी 'भारी खेळलात' मिळालं होतं, तिच्यासाठी त्या माणसाला शिव्या मिळत होत्या, आणि मला त्या शिव्या हव्या होत्या. जळफळाट म्हणतात तो हाच.

तो खेळ संपायच्या आत मी बोलून टाकलं. "ऐका, मलाही येत नाही. काहीच येत नाही. मी आखाजीला खोटं बोललो. मलाही सांगत जा, तसंच."

मग शालक म्हणाला, "नही नही जिजाजी, तुम्ही तं मस्त खेयतस."

"मस्त कुठे? आजवर एक माणूस मारला नाही मी."

"रेंज नही ऱ्हास ना तुम्हनाकडे."

"रेंज आहे! चांगली आहे रेंज!" मी जिन्यात ओरडलो. "चुकलो की शिव्या द्या मला."

"जिजाजीले शिव्या? पाप लागी ना आम्हले."

मला हसावं की फोन आपटावा कळेना. येत नाही म्हणायला मी इतके दिवस घेतले, आणि म्हटल्यावर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. शेवटी मेव्हणीनेच हात टेकले. म्हणाली, "आम्हनाकडथून व्हवाव नही ते. तुम्ही ताईले इचारा ना. आम्हले तिनीच शिकाडं."

ताई म्हणजे माझी बायको.

मी खाली आलो. ती स्वयंपाकघरात विळीवर कैऱ्या चिरत होती, लोणच्याच्या. आई पुढच्या खोलीत होती.

"तू हा खेळ खेळायचीस?"

"हो."

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? बायोडाटात लिहायला पाहिजे होतं का?" तिने विळीवरची नजर काढली नाही.

"मग सोडलास का?"

"तो खेळ ओरडल्याशिवाय होत नाही. इथं मी कुठं ओरडू?"

मी तिथेच उंबऱ्यात उभा राहिलो. त्यांच्या टोळीतली जी जागा मी भरत होतो, ती हिचीच होती. मला वाटायचं, ही मुळात अबोल आहे. आमचं मूळ जामनेरकडचं, आईची बोली तिकडची. हिची बोली अहिराणी. दोन्हींच्या मध्ये पडायला नको म्हणून ही आमच्या घरात वर्षभर शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलत होती, मोजकं आणि घासूनपुसून. ते मोजकं बोलणं हाच तिचा स्वभाव, असं मी ठरवून मोकळा झालो होतो.

"मला शिकवशील?"

"तुम्ही तर त्यांना येतं म्हणून सांगितलंत."

"आज सांगितलं, येत नाही म्हणून. तरी ते म्हणतात, 'मस्त खेयतस'."

तिने हात थांबवला. "तुम्ही सांगितलंत? तुमच्या तोंडाने?" आणि माझ्याकडे बघत राहिली.

रविवारी आबा, माझे वडील, जामनेरला लग्नाला गेलेले. दुपारी आई पुढच्या खोलीत लवंडली आणि आम्ही मागच्या खोलीत जमिनीवर बसलो. फोन माझ्या हातात. इअरफोनचा एक गोळा माझ्या कानात, एक तिच्या. तिचा आवाज ऐकून पलीकडे शालक आणि मेव्हणी दोघं एकदम "ताई!" म्हणून किंचाळली. आणि खेळ सुरू झाला.

पहिले दोन डाव वाया गेले. ती पुस्तकातल्या मराठीतच शिकवत होती. "तुम्ही जरा डावीकडे सरकता का?" ती 'का'पर्यंत पोचेतो मी मेलेला असायचो. "त्या दगडामागे बसलात तर बरं होईल." बसायला मी उरायलाच पाहिजे ना! तीही अस्वस्थ, मीही. तिची बोटं मांडीवर फोन नसतानाच चालत होती. मला सारखं वाटत होतं की हेही तसंच होणार, मानाने सांगणार आणि मानाने मरणार. फोन तिच्या हातात देऊन टाकावा असंही वाटलं. पण ती नको म्हणाली.

तिसऱ्या डावात आम्ही एका घरापाशी आलो. दार बंद. शालक सवयीने म्हणाला, "पुढे व्हा जिजाजी." आणि मी निघालो.

"थांब!" ती ओरडली. "आत जाऊ नको! बठ ना खाले! आरे, बठ म्हनस ना!"

मी खेळात बसलो आणि प्रत्यक्षातही जरा खाली सरकलो.

"खिडकीतून बॉम्ब फेक. फेक! काय देखी ऱ्हायना तू? आते भितना मांगे जाय. भितना मांगे! तिकडे नही रे येड्या, इकडे!"

मी भिंतीमागे झालो आणि आत स्फोट झाला. दारातून एकजण पळत बाहेर आला. "मार! मार ना!" आणि मी मारला. माझ्या हातून पडलेला तो पहिला माणूस. शालक आणि मेव्हणी बेंबीच्या देठापासून ओरडत होती, ही माझा दंड धरून हलवत होती, आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात हिने मला एकदाही झापलं नव्हतं. मी कधी चुकलोच नसेन, असं थोडंच आहे.

"कोन वरडून राहिलं रे?"

आई दारात उभी होती, झोपेतून उठून आलेली. बायकोचा आवाज जागच्या जागी बंद झाला. तिने दंडावरचा हात काढला, कानातला गोळा काढला आणि ती पाय पोटाशी घेऊन बसली. माझ्या कानात तिची भावंडं विचारत होती, "ताई? आते कोठे जावानं? ताई?" मी काहीच करत नव्हतो, माझा माणूस उघड्यावर नुसता उभा होता. कोणीतरी त्याला गोळी घातली आणि तो गुडघ्यांवर पडला.

"आई," मी म्हणालो, "मला हे येत नाही. ही शिकवतेय."

आईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इले एवढा आवाज हाये?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. ती रागावली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

बायकोने पुन्हा इअरफोन घातला नाही. मी तो डाव कसाबसा संपवला आणि फोन पालथा ठेवला. चूक झाली का, असं मी तिला विचारणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "मी एक विचारू?"

"विचार ना."

"हसायचं नाही. या घरात मी जेवायला कुठं बसायचं?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"तुम्ही आणि आबा आधी बसता. आई वाढतात. मग त्या त्यांच्या जागी, ओट्याशेजारच्या स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन बसतात. मी तुमच्याबरोबर बसायचं, का त्यांच्याबरोबर, का सगळ्यांचं झाल्यावर? पहिल्या दिवशी कोणी काही बोललं नाही, म्हणून मी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग विचारायचं राहूनच गेलं."

मी आठवून बघितलं. आमच्या घरात तिला बसून जेवताना मी पाहिलेलं मला आठवेना. सासरी लोक मला पाहुणा समजतात म्हणून मी जिन्यात येरझाऱ्या घालत होतो, आणि त्याच जिन्याखाली ही उभ्याने जेवत होती.

"बस की कुठंही," मी घाईने म्हणालो.

"बघा," ती म्हणाली. "हे 'मस्त खेयतस' म्हटल्यासारखंच झालं."

मग मी म्हणालो, "खरंच मला माहीत नाही. आईला विचारतो."

"नको. तुम्ही विचारलंत तर ती माझी तक्रार होईल. मी विचारलं तर मला येत नाही, एवढंच होईल."

ती उठली, साडी झटकली आणि आत गेली. मला बसवेना आणि उठून जाताही येईना. जमिनीवर काढून ठेवलेल्या इअरफोनमधून शालकाची बारीक हाक येत होती, पण मी सगळा जीव त्या दुसऱ्या खोलीकडे लावून बसलो होतो. आधी नुसतं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग तिचा आला, ना मोठा ना दबका.

"आई, मला एक समजत नाही, सांगाल का? मी जेवायला कुठं बसत जाऊ?"

भांडी थांबली. मी उठून उभा राहिलो.

"आता वं माय," आईचा आवाज आला, "मले वाटे, तुले उभ्यानंच जेवाले आवडते."